कंसातला आकडा

“वाचा ना. मोठ्याने वाचा,” थिआ म्हणाली.

लव्हॉन कोबरने चष्मा नाकावर सारखा केला. तिच्या टेबलावर पारदर्शक पिशवीत एक फोडलेलं पाकीट पडलं होतं. पाकीट तिच्याच कारखान्यातलं. मांस टिकवायचं गुलाबी मीठ, चार औंसांचं; त्यात नायट्राइट असतं, प्रमाणाबाहेर पोटात गेलं तर विष. थिआ जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून आली होती. चाळिशीची बाई, बुटांना चिकटलेला बर्फ अजून विरघळायचा होता. तिने अंगातला कोटही काढला नव्हता.

“पाच पौंड मांसाला एक सपाट चमचा,” लव्हॉनने वाचलं. “मसाल्यात नीट मिसळा. चोवीस तास थंड जागी ठेवा. जास्त वापरू नका.”

“पुन्हा एकदा.”

लव्हॉनने पुन्हा वाचलं. अक्षर न अक्षर तेच.

“तुम्ही मधलं काहीतरी गाळताय,” थिआ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिची नजर लव्हॉनच्या तोंडावरून हलत नव्हती.

“छे. सगळं वाचलं की.”

“कंसातलं?”

“अगबाई, कंसातलं होय!” लव्हॉन हसली. “पाच पौंड, कंसात दोन पूर्णांक तीन किलो. मांसाला एक सपाट चमचा, कंसात साठ…” आणि तिथे ती थांबली. “साठ ग्रॅम.”

“हे अख्खं पाकीट एकशेतेरा ग्रॅमचं आहे,” थिआ म्हणाली. “म्हणजे निम्म्याहून जास्त पाकीट एका चमच्यात मावलं पाहिजे. मावतं का हो?”

लव्हॉनने पिशवीतल्या पाकिटाकडे पाहिलं. ते निम्म्याहून जास्त रिकामं होतं. कुणीतरी त्याची वरची कड नीट दुमडून तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता.

“कुणी घेतलं हे?”

“रविवारी सकाळी एका घरात मुलाने घरी केलेली गोमांसाची सॉसेजं सासू-सुनेने अंड्यांबरोबर खाल्ली. तो पहाटेच कामावर गेला होता. अर्ध्या तासात दोघींचे ओठ निळे पडले. सून वाचली. सासू गेली.”

पलीकडे पाकिटं भरायचं यंत्र धडधडत होतं. रोज सकाळी आठपासून ते धडधडायचंच, लव्हॉनला त्याचा आवाज येईनासाही झाला होता. आत्ता मात्र प्रत्येक ठोका डोक्यात पडावा तसा ऐकू आला.

थिआ पिशवी उचलून गेली. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दहा-बारा दिवस लागतील, तोवर हे मीठ दुकानांतून मागे घ्या, एवढं मालकाला बजावून गेली.

लव्हॉन उठली ती थेट लोखंडी कपाटाकडे. छापायला जाणाऱ्या प्रत्येक लेबलाचा कच्चा नमुना तिथे असायचा. सप्टेंबरमध्ये गुलाबी मिठाच्या पाकिटाचं चित्र बदललं होतं. जुना शिकारी काढून नवा शिकारी घातला होता आणि मजकूर नव्याने जुळवला होता. मूळ कागदावर ‘6.0’ असं होतं. नमुन्यात मधला ठिपका नव्हता. खाली कोपऱ्यात निळ्या शाईत, गोल वळणाची, तिचीच दोन अक्षरं होती. तपासलं, बरोबर आहे.

“ड्वेन,” तिने हाक मारली.

ड्वेन लेबलं जुळवायचा. सतरा वर्षं तो आणि ती रोज समोरासमोर बसून नमुने ताडून बघत. तो मूळ कागद वाचायचा, ती नमुन्यावर बोट फिरवायची. तो आला, त्याने बघितलं, आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

“ठिपका माझ्याकडून गेला,” तो म्हणाला.

“आणि वाचताना?”

“वाचताना आपण कंसातलं वाचतो कुठे, लव्हॉन? आपण ‘कंस’ म्हणतो आणि पुढे जातो.”

हे खरं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी लव्हॉन या खुर्चीवर आली, त्याच वर्षी नव्या नियमाने प्रत्येक पाकिटावर औंसाशेजारी ग्रॅम आले होते. तिला काम शिकवलं ते बर्निसने. बर्निस तोंडात पेन्सिल धरून बोलायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, “हे बघ, बाहेरचं माणसांसाठी, कंसातलं सरकारसाठी. सरकारला कंस दिसला की ते खूश. तू औंस बघ.” लव्हॉनने पंचवीस वर्षं औंस बघितले. औंसांत, पौंडांत, चमच्यांत तिची एक चूक कुणाला दाखवता आली नव्हती. मालकाच्या बापाने निवृत्त होताना सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं होतं.

त्या दुपारी तिला आणखी एक गोष्ट आठवली. ग्राहकांच्या पत्रांची फाइल तिच्याकडेच असायची. तिने ती उलटीसुलटी केली, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचं ते पत्र हाती लागलं. एका निवृत्त शिक्षकाने टाइप करून पाठवलं होतं. तुमच्या ओव्याच्या बाटलीवर अडीच औंस लिहिलंय आणि कंसात सतरा ग्रॅम. ते एकाहत्तर हवेत. वापरण्याची सूचना असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. हे आकडे वाचणारी माणसं असतात.

ते पत्र तिने तेव्हा ड्वेनला नाटकी आवाजात वाचून दाखवलं होतं. दोघं पोट धरून हसले होते. “याला बायको नसणार,” ड्वेन म्हणाला होता. मग तिने शिक्षकाला एक फुकट बाटली मिळण्याचं कूपन पाठवून दिलं आणि पत्राच्या डोक्यावर लिहिलं, ‘उत्तर दिले.’

ओव्याच्या बाटलीवर अजून सतराच होते.

घरी गेल्यावर तिने कोटही काढला नाही. फडताळातले डबे, बरण्या, खोकी एकेक करून ओट्यावर मांडायला लागली. मर्ल, तिचा नवरा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, दारात येऊन उभा राहिला.

“काय गं, मुंग्या झाल्यात का?”

“मर्ल, एका औंसात ग्रॅम किती?”

“मला काय माहीत?”

“ह्या डब्यातलं ओटचं पीठ तू रोज सकाळी खातोस. तीस वर्षं खातोयस. किती ग्रॅम लिहिलंय त्यावर?”

“लिहिलंय का?” मर्लने डबा हातात घेऊन लांब धरला. “आयला, लिहिलंय की. हे कधीपासून?”

एरवी ती हसली असती. ती खुर्चीत बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. मर्लने डबा हळूच खाली ठेवला.

“मलाही माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “आज बघावं लागलं. अठ्ठावीस. पंचवीस वर्षं तेच काम करतेय मी, आणि एका औंसात ग्रॅम किती हे मला माहीत नव्हतं.”

“किती पाकिटं गेली होती?”

“सहा हजारांवर. शिकारीचा हंगाम, सगळ्यांना हरणाची सॉसेजं करायची असतात. सहा हजार घरांत लोकांनी चमचा घेतला आणि मोकळे झाले. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. एका घराने कंसातलं वाचलं.”

पुढचे दोन दिवस तिने दुसरं काम केलं नाही. कॅल्क्युलेटर घेऊन कपाटातली तीनशे चाळीस लेबलं तपासली. नऊ चुका सापडल्या. मिरी, जायफळ, बडीशेप. त्यांनी कुणी मेलं नसतं, पण नऊच्या नऊ लेबलांवर कोपऱ्यात तीच दोन निळी अक्षरं होती. आपलं अक्षर इतकं नीटनेटकं आहे याचीच तिला भीती वाटायला लागली.

शुक्रवारी थिआचा फोन आला. मागे घेतलेल्या पाकिटांचा हिशेब तिला हवा होता. तो सांगून झाल्यावर लव्हॉनने विचारलं, “त्या घरातली माणसं कशी आहेत?”

थिआ म्हणाली, “मी बोलू नये खरं तर. बोस्नियातून आलेली माणसं आहेत. मुलगा खिडक्यांच्या कारखान्यात आहे. तो मला रोज फोन करतो. एकच विचारतो, माझा वजनकाटा बिघडलेला होता का? त्याने काटा दुकानात नेऊन तपासून घेतला. मग नवा आणला. अहवाल येईपर्यंत मला त्याला काही सांगता येत नाही.”

“म्हणजे त्याला वाटतंय की त्याने…”

“हो,” थिआ म्हणाली.

लव्हॉन फोन ठेवून मालकाच्या खोलीत गेली. गॅरिक आता चाळिशीचा होता, पण तिने त्याला गुडघे फोडून घेऊन कारखान्यात रडत आलेला पाहिला होता. मंगळवारपासून त्याची दाढी वाढली होती.

“त्या माणसाला सांगायला हवं,” ती म्हणाली.

“लव्हॉन, बसा जरा. वकील म्हणाले आहेत, अहवाल येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आपण माल मागे घेतला. एका दिवसात घेतला. अजून काय करू मी?”

“तो स्वतःला खुनी समजतोय रे.”

“पुढे चमचा लिहिलाय. स्पष्ट लिहिलाय. साध्या माणसाला कळायला हवं की एका चमच्यात साठ ग्रॅम…”

“मला तरी कुठे कळलं?” लव्हॉन म्हणाली. “मी वाचूनही मला कळलं नाही. आरोग्य खात्याच्या बाईने समजावून दिलं तेव्हा कळलं.”

गॅरिकने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. “ऐंशी माणसांचं पोट आहे इथे. तुम्ही त्या घरी गेलात ना, तर मी तुम्हाला ठेवू शकणार नाही. मला तसं लिहून दिलंय वकिलांनी. तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. माझ्यावर ही पाळी आणू नका.”

“अरे, तू कशाला मनाला लावून घेतोस,” ती म्हणाली. “तुझा इलाज नाही, मला दिसतंय.” आणि तिने कपाटाची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

पत्ता शोधावा लागला नाही. गावच्या वर्तमानपत्रात निधनाच्या बातमीत होता. रमिझा दुराकोविच, वय चौऱ्याहत्तर. मुलगा एल्वेदिन, सून सबीना, बोस्नियात तुझ्ला गावी एक मुलगी.

शनिवारी सकाळी मर्लने तिला त्या घरासमोर सोडलं. “मी येऊ का आत?” त्याने विचारलं. ती नको म्हणाली. दाराबाहेर चपलाबुटांची रांग होती, समाचाराला येऊन गेलेल्यांच्या ओल्या पावलांचे ठसे होते. तिनेही बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते झाकायला तिने उगाच पाय दुमडला.

दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या, रुंद खांद्यांच्या माणसाने. डोळे खोल गेलेले.

“मी लव्हॉन कोबर. ते मीठ जिथे भरतात तिथे मी काम करत होते.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मोज्यांकडे. “आत या, बाई. थंडी आहे.”

आत कोचावर सबीना शालीत गुरफटून बसली होती. इस्पितळातून येऊन तिला तीनच दिवस झाले होते. तिने उठायचा प्रयत्न केला, लव्हॉनने हातानेच नको म्हटलं. एल्वेदिनने काही न विचारता कॉफी ठेवली. जेवणाच्या टेबलावर दोन वजनकाटे शेजारी शेजारी मांडलेले होते आणि त्यांच्यापुढे पाच सेंटच्या नाण्यांची चळत.

“हे नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं,” लव्हॉनची नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला. “मी पुस्तकात बघितलं. बारा ठेवली की साठ. ह्या काट्यावर साठ. त्याही काट्यावर साठ. काटा बरोबर आहे. मांसही मी मोजूनच घेतलं होतं, दोन किलो तीनशे. मग मी चुकलो कुठे? तुम्ही त्यातल्या जाणकार आहात. तुम्हीच सांगा.”

लव्हॉनने सबंध रात्र वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

“तुम्ही कुठेच चुकला नाहीत,” ती म्हणाली. “तुमचं वजन बरोबर होतं. पाकिटावरचा आकडा चुकीचा होता. सहा हवा होता, तिथे साठ छापला गेला. छापण्याआधी तो वाचायचं काम माझं होतं. मी तो वाचला नाही.”

एल्वेदिनच्या हातात कॉफीचं भांडं होतं. ते तसंच राहिलं.

“वाचला नाहीत म्हणजे? नजरचुकीने?”

ती हो म्हणू शकली असती. त्यानेच वाट करून दिली होती.

“नाही. कंसातलं मी कधीच वाचत नव्हते. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं, ते कुणीच वाचत नाही.”

“कुणीच?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलाला वाटतं तसं. “बाई, आम्ही तेवढंच वाचतो. चमचा म्हणजे कुणाचा चमचा? माझ्या आईचा वेगळा, हिचा वेगळा, तुमचा तिसराच. ग्रॅम म्हणजे ग्रॅम. आयुष्यभर आम्ही साधं मीठच घालत आलो. कारखान्यातला एक मित्र म्हणाला, हे गुलाबी घाल, विषबाधेची भीती नको. म्हणून घातलं. आईच म्हणाली, पाकिटावर लिहिलंय तसंच कर, अंदाजाने नको.”

त्याने भांडं ठेवलं आणि तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर निघून गेला. अंगात नुसता सदरा. खिडकीतून तो अंगणातल्या मांस धुरवायच्या धुराडीपाशी, बर्फात पाठमोरा उभा असलेला दिसत होता.

“जाऊ दे त्याला,” सबीना हळूच म्हणाली. “सहा दिवस झाले, धड जेवलेला नाही. मातीच्या वेळी हातात फावडं घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, माझा हात लागू नये.”

लव्हॉन खिडकीकडे बघत राहिली.

“तिकडून बहिणीचा फोन आला होता. तिने एवढंच विचारलं, आईला काय खायला घातलंस रे? वाईट हेतूने नाही विचारलं. पण तेव्हापासून हा कुणाचाच फोन उचलत नाही. मामा आहेत ऑस्ट्रियात, ग्रात्सला, चुलतभाऊ स्वीडनमध्ये, मावशी सेंट लुइसला. सगळे फोन करतात. हा फोन उशीखाली घालतो.”

मागचं दार उघडलं. एल्वेदिन आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. लव्हॉन उठून उभी राहिली. तो हाकलून देईल असं तिला वाटलं, आणि ते तिला चाललं असतं. त्याने खिशातून फोन काढून टेबलावर, नाण्यांच्या शेजारी ठेवला.

“तुम्ही आत्ता जे म्हणालात,” तो म्हणाला, “ते पुन्हा म्हणाल का? माझ्या बहिणीला? मी सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, स्वतःची समजूत घालतोय. तुम्ही म्हणा. तिला इंग्रजी येत नाही, मी मागून सांगेन.”

“म्हणेन,” लव्हॉन म्हणाली.

“घाई नाही ना तुम्हाला?”

“नाही. मला कुठे जायचं नाही.”

तिकडे संध्याकाळ झाली असणार. दुसऱ्याच घंटेला बाईचा आवाज आला. एल्वेदिन दोन शब्द बोलला आणि त्याने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉन फोनवर वाकली.

“मी ते मीठ भरणाऱ्या कारखान्यातली आहे,” ती म्हणाली. “तुमच्या भावाचं वजन बरोबर होतं. पाकिटावरचा आकडा चुकीचा होता. तो वाचायचं काम माझं होतं. मी वाचला नाही.”

एल्वेदिनने एकेक वाक्य त्यांच्या भाषेत केलं. शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज फुटला, तेव्हा सबीनाने कोचावरून ते पूर्ण केलं. पलीकडे बहीण रडायला लागली, आणि रडता रडता भावाचं घरचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा हाका मारायला लागली. एल्वेदिन टेबलाशी बसला आणि फोन कपाळाला टेकवून ऐकत राहिला.

ग्रात्सच्या मामांना नीट ऐकू येत नव्हतं. त्यांच्यासाठी तिने दोनदा सांगितलं. स्वीडनमधल्या चुलतभावाला इंग्रजी उत्तम येत होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग लव्हॉनला अशा काही शिव्या दिल्या की एल्वेदिनचा हात फोन बंद करायला पुढे झाला. लव्हॉनने तो थांबवला. शिव्या संपेपर्यंत ती ऐकत राहिली, आणि संपल्यावर तिने तीच पाच वाक्यं पुन्हा, पहिल्याइतक्याच सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितली.

सबीनाने उठून थंड झालेली कॉफी ओतून टाकली आणि नवी तिच्यापुढे ठेवली. एल्वेदिनने सेंट लुइसचा नंबर लावला. मावशी वयस्कर आहेत, फोनपर्यंत यायला वेळ लागतो, असं तो म्हणाला. घंटा वाजत राहिली. लव्हॉनने पाठ सरळ केली, घसा साफ केला, आणि कुणी उचलायची वाट बघत बसली.